नोकरी ‘आपोआप’ जात नसते

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. दोनदा कंपनीच्या ग्रुपवर, एकदा भावकीच्या, एकदा मेहुण्याकडून. पाचवा पाठवला एका पोरानं, जो डेंग्यूनं अकरा दिवस अंथरुणाला खिळला होता. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, ‘दादा, मग मी राजीनामाच टाकू का?’ म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज लांबलचक आहे. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचवा’. मुद्दे असे: सलग आठ दिवस कामावर गेला नाहीत की नोकरी आपोआप संपते, आजारी असलात तरी. चौकशी फक्त चोरी-मारामारीला लागते, गैरहजेरीला नाही. डॉक्टरचा दाखला मानायला कंपनी बांधील नाही. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे घेतलेत तर तुम्ही कामाला नालायक असल्याचा पुरावा तुम्हीच देता. आणि काढून टाकलं तर ग्रॅच्युइटी बुडते, तेव्हा आधीच राजीनामा द्या. सोबत राजीनाम्याचा तयार नमुना.

मी नाशिकच्या सातपूरला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या खात्यात, सव्वीस वर्षं काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर. वकील नाही. पण आजारपणावरून गेलेल्या आणि परत मिळवलेल्या नोकऱ्या जवळून पाहिल्यात.

‘आठ दिवस झाले की नोकरी आपोआप संपते’

हा आठचा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून तर लोकांना पटतो. 1946 च्या केंद्रीय नियमांत जे नमुना स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम, होते, त्यांत कलम होतं की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि न येण्याचं समाधानकारक कारण दिलं नाही, तर त्याचा त्या जागेवरचा हक्क जातो. मेसेजवाल्यानं यातला ‘कारण’ हा शब्दच गाळलाय. पुढचं वाक्यही गाळलंय: हक्क गेला तरी त्याला बदली कामगारांच्या, म्हणजे कुणी गैरहजर असलं की बोलावायच्या माणसांच्या, यादीत ठेवायचं. म्हणजे मूळ कलमसुद्धा त्याला थेट रस्त्यावर आणत नव्हतं. पुढे कंपन्यांनी आपापल्या आदेशांत ते आणखी कडक करून घेतलं.

त्याचा निकाल सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये लावला. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. कंपनीनं 12 डिसेंबर 1980 ला पत्र काढलं की हा माणूस 3 डिसेंबरपासून आठ दिवसांहून जास्त गैरहजर आहे, सबब त्यानं नोकरी सोडली असं धरून नाव पटावरून कमी केलं. यादवचं म्हणणं असं की मी 3 तारखेपासून रोज येतोय, मला गेटवरच अडवतात, मस्टरवर सही करू देत नाहीत. कोर्ट म्हणालं, स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाचं म्हणणं ऐकून न घेता, खात्यांतर्गत चौकशी न करता त्याची रोजीरोटी काढून घेता येत नाही. त्याला कामावर घ्यायला लावलं आणि अर्धा मागचा पगार द्यायला लावला.

हा निकाल घटनेच्या 14 आणि 21 कलमांवर उभा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे जाऊन संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, म्हणून ‘आता ते सगळं संपलं’ असं सांगणारेही भेटतात. घटनेची कलमं संहितेनं बदलत नाहीत.

मेसेजवाल्याच्या बाजूनं एक निकाल आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात 1963 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच कलमाखाली झालेली सेवासमाप्ती ग्राह्य धरली होती, आणि कामगार आजाराचा दाखला दाखवत होता. पण त्यानंतर तीस वर्षांनी यादवचा निकाल आला. तीस वर्षं जुनं वेळापत्रक घेऊन स्टेशनवर गेलात तर गाडी चुकणारच.

‘चौकशी लागत नाही’

2018 सालची गोष्ट. आमचा एक प्रेसवाला काविळीनं पडला. पहिल्या दिवशी सुपरवायझरला फोन केला, सुपरवायझर म्हणाला, ‘बरं बरं, आराम कर.’ सव्वीस दिवसांनी आला तर कार्ड पंच होईना. टाइम ऑफिसमधून निरोप आला, तुझं नाव कमी झालंय, नोटीस पाठवली होती. पाठवली होती खरीच. फाइलमध्ये रजिस्टर एडीचा लिफाफा परत आलेला, पोस्टमनचा शेरा ‘घर बंद’. पत्ता गावाकडचा, येवल्याजवळचा, भरतीच्या वेळी लिहून दिलेला. हा माणूस गेली नऊ वर्षं कंपनीपासून दोन किलोमीटरवर भाड्यानं राहत होता, आणि कंपनीची बस त्याला रोज तिथूनच उचलत होती.

आम्ही त्याला सांगितलं, रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जायचं, आणि ‘मी आज कामावर हजर झालो होतो, आत घेतलं नाही’ असं दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी पोस्टानं टाकायचं. सहा पत्रं गेली. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कंपनीचा माणूस ‘यानं स्वतःहून नोकरी सोडली’ म्हणायला लागला, तेव्हा आमच्या युनियनच्या भाऊंनी त्या सहा पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. चार महिन्यांनी तडजोड झाली आणि तो आत गेला. मागचा पगार मात्र नाही मिळाला. त्यावरून तो आमच्यावर अजून थोडा नाराज आहे.

गैरहजेरी हे गैरवर्तन ठरवायचं असेल तर आरोपपत्र द्यावं लागतं, खुलासा मागावा लागतो, चौकशी घ्यावी लागते. आणि चौकशीत ‘आला नाही’ एवढं दाखवून भागत नाही. 2012 च्या कृष्णकांत परमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की परवानगी न घेता गैरहजर राहणं म्हणजे नेहमीच मुद्दाम गैरहजर राहणं नव्हे. आजार, अपघात, दवाखान्यात भरती होणं ही माणसाच्या हाताबाहेरची कारणं असू शकतात. खटला सरकारी नोकराचा होता, पण कारखान्यातल्या चौकशीतही तो दाखवता येतो.

उलट बाजूही ऐका. 2007 मध्ये एल अँड टी कोमात्सूच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं वारंवार दांडी मारणाऱ्याची बडतर्फी कायम केली. चौकशी झालेली असेल, मागच्या दांड्यांचा ढीग असेल आणि न कळवण्याला काहीच कारण नसेल, तर काविळीचं नाव घेऊन सुटका होत नाही.

‘दाखला मानायला कंपनी बांधील नाही’

डोळे झाकून मानायला बांधील नाही, हे खरं. शंका असेल तर कंपनीनं आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं, चौकशीत दाखला देणाऱ्याला प्रश्न विचारावेत. दाखला न वाचता फाइलला लावणं आणि पटावरून नाव उडवणं म्हणजे शंका घेणं नव्हे. आपल्याकडून एवढंच करायचं: दाखला बरे झाल्यावर एकदम न देता आजारी असतानाच पाठवायचा, आणि पाठवल्याची पोच जपायची. फोन करून सांगितलं, हे कुठल्याच कागदावर उमटत नाही.

‘ईएसआय घेतलंत की संपलात’

सगळ्यात खोडसाळ मुद्दा हाच. जो पैसा महिन्याच्या पगारातून 0.75 टक्का कापून जातो, त्यावरच पाणी सोडायला सांगतात. 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला आजारपणात 70 टक्के दरानं वर्षाला 91 दिवसांपर्यंत पैसे मिळतात. टीबी, कॅन्सरसारख्या ठरावीक आजारांत 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. तुम्ही नालायक असल्याचं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आजारी, एवढंच असतं. 1948 च्या ईएसआय कायद्यात तर कलम 73 होतं: हे पैसे चालू असताना कामगाराला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, तशी नोटीस दिली तरी ती चालायची नाही. ते कवच कायमचं नव्हतं, साध्या आजारात सहा महिने उलटले की नोटीस देऊन काढता येई. आमच्या प्रेसवाल्यानं मात्र ईएसआयच्या दवाखान्याची पायरीच चढली नव्हती. ‘लाइनीत कोण उभं राहणार’ म्हणून खासगी डॉक्टर गाठला होता.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट

आजार लांबला, बरं होण्याची आशा नाही, तर कंपनी ‘सततच्या अनारोग्यामुळे’ सेवा संपवू शकते. तशी समाप्ती कायद्यानं कामगार कपात धरत नाहीत, जुन्या कायद्यातही नाही आणि संहितेतही नाही, त्यामुळे कपातीची नुकसानभरपाई मिळत नाही. खरी भीती इथं आहे. सरकारी आस्थापनेत असाल आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 तुम्हाला वाचवतं. एसटीच्या चालकाची नजर गेली तर त्याला त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, काम नसेल तर जादा पद तयार करून ठेवायचं. खासगी कारखान्यातल्या माणसाला ती सोय नाही. कंत्राटी पोरांचं तर विचारूच नका, त्यांना काढतच नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलवत नाहीत.

दाद मागायची मुदतही आक्रसली. आधी तीन वर्षं होती, औद्योगिक संबंध संहितेत दोन.

‘ग्रॅच्युइटी बुडते, आधी राजीनामा द्या’

आजारपणाच्या गैरहजेरीनं ग्रॅच्युइटी बुडत नाही. ती अडवायला कंपनीच्या मालाचं नुकसान, दंगा-मारहाण किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असं काहीतरी लागतं. सेवा मोजतानाही आजारपणाचे दिवस तुटक धरत नाहीत. अपंगत्वामुळे नोकरी गेली तर पाच वर्षांची अटसुद्धा नाही.

राजीनाम्यानं मात्र बाकीचं सगळं बुडतं. काढून टाकल्याचा वाद मांडायला आधी काढलेलं असावं लागतं. स्वतः सही करून गेलेल्या माणसाला कामगार न्यायालयात ‘माझ्याकडून जबरदस्तीनं घेतला’ हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि ते किती जणांना जमतं ते मी पाहिलंय.

त्या पोराला मी म्हणालो, तो नमुना नीट वाच आधी. त्यानं मोठ्यानं वाचला. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे कोणतेही येणे नाही.’

‘दादा,’ तो म्हणाला, ‘यात डेंग्यू कुठंय?’