बॅगा शेवटी घ्या

भाच्याने परवा रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकले. सायकलचा एकही नाही, नुसत्या बॅगा. सीटमागची लांबट, फ्रेममधली तिकोनी, हॅन्डलवरची वळकटी आणि वरच्या दांड्यावरची एक पिटुकली. खाली प्रश्न, "मामा, कुठली घेऊ? सगळा सेट एकवीस हजारांना बसतोय. जानेवारीत सायकलने रत्नागिरी."

मी विचारलं, "तुझे गिअर काय आहेत?"

"बावीस."

हे म्हणजे एखाद्याला घराचं क्षेत्रफळ विचारावं आणि त्याने दारं मोजून सांगावीत, तसं झालं. त्याला उत्तर लिहायला बसलो तर ते लांबतच गेलं. दिवाळी झाली की हाच प्रश्न मला दोन-तीन जण तरी विचारतात, म्हणून इथेच टाकतोय.

आधी माझं पाप. पहिल्या मोठ्या सफरीला माझ्या हायब्रिडच्या मागच्या कॅरिअरवर १९ किलो सामान होतं. दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकणाऱ्या बॅगा, वर आडवा तंबू, त्यावर स्लीपिंग बॅग, आणि सगळ्यात वर चपला. घरच्या वजनकाट्यावर ते १९ किलो मी स्वतः मोजले होते आणि मला त्याचा अभिमान वाटला होता! पुढे हॅन्डलवर फक्त एक मोबाइल. चढावर उभं राहून पॅडल मारलं की पुढचं चाक हलकं होऊन भरकटायचं. उतारावर मागचा भाग शेपटीसारखा हलायचा. तिसऱ्या दिवशी केळशीच्या अलीकडे 'टंग' असा आवाज आला. मागच्या चाकाचा स्पोक तुटला होता, आणि तोही फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या बाजूचा.

ज्याने हे भोगलंय त्याला पुढचं सांगायला नको. त्या बाजूचा स्पोक घालायचा तर आधी फ्रीव्हील उतरवावं लागतं, आणि त्याचा खाचेत बसणारा पाना गावातल्या सायकलवाल्याकडे असेलच असं नाही. माझ्याकडे जास्तीचे स्पोक होते चार, पाना नव्हता. तिथल्या काकांनी तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, शेजारच्या तारा थोड्या पिळून जमेल तेवढा आउट काढला आणि म्हणाले, "दापोलीपर्यंत जाईल. पण एवढा संसार कशाला घेतलाय?" मागचा ब्रेक सोडून ठेवला, कारण चाक त्याला घासत होतं. सगळे उतार एका पुढच्या ब्रेकवर, चालण्याच्या वेगाने उतरलो. तेव्हापासून तो पाना माझ्या हत्यारांच्या पिशवीत असतो. अंगठ्याएवढा तुकडा आहे तो. तंबू मात्र त्यानंतर माळ्यावर गेला तो गेलाच.

तर गिअर. किती आहेत ते विचारू नका, सगळ्यात हलका कुठला ते बघा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. माझ्या सायकलला पुढे ४८-३८-२८ होतं आणि मागे सात चकत्यांचं १४-२८. म्हणजे २८ भागिले २८, बरोब्बर एक. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण सव्वादोन मीटर. मिनिटाला साठ फेरे या आरामाच्या लयीत त्याचे ताशी आठ किलोमीटर होतात. आता मला सांगा, सामान लादून, जेवण झाल्यावर, दुपारी अडीचला, कोकणातल्या चढावर ताशी आठने कोण जातं? मी पाचने जातो. मग लय चाळिसावर येते आणि प्रत्येक फेरा गुडघ्यातून काढावा लागतो. रात्री जिने उतरताना कळतं.

मी मागचं फ्रीव्हील बदलून १४-३४ चं घातलं. हजाराच्या आत काम झालं. आता २८ भागिले ३४ म्हणजे ०.८२, तीच साठची लय ठेवून साडेसहाने जाता येतं. शेवटच्या दोन चकत्यांमध्ये २४ वरून एकदम ३४ अशी उडी आहे. सपाटीवर ती खटकते, चढावर देवासारखी वाटते. एक लक्षात ठेवा, मोठी चकती घातली की चेनही लांब लागते. मेकॅनिक जुनीच चेन चढवून देत असेल तर दुकानातच ती पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर एकाच वेळी टाकून बघा. मी बघितलं नव्हतं. घोडबंदरच्या चढावर चेन अशी ताणली गेली की मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) पुढे ओढला जाऊन आडवा झाला. नशीब, तुटला नाही.

भाच्याचे बावीस गिअर तपासले. पुढे ५०-३४, मागे ११-३२. त्याचा सगळ्यात हलका गिअर १.०६. म्हणजे लाखाच्या वरची कार्बनची सायकल चढावर माझ्या जुन्या हायब्रिडपेक्षा सव्वापटीहून जड! तो बिचारा वीकेंडला लोणावळ्याला जाऊन येतो, रिकाम्या सायकलवर त्याला काहीच जाणवत नाही. पण सागरी मार्गाचा स्वभाव वेगळा आहे. बोर घाट एकदा चढलात की संपला. इथे खाडी आली की रस्ता समुद्राच्या पातळीला उतरतो, फेरीबोटीतून पलीकडे उतरलात की लगेच चढ. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दर खाडीला मिळवलेली उंची सोडून द्यायची आणि पुन्हा कमवायची. घाट एका दिवसात दमवतो. हे चढ-उतार पाच दिवस थोडं थोडं व्याज खातात.

टायरबद्दल थोडक्यात. सामान असेल तर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद घ्या, फक्त चाक आणि फ्रेममध्ये दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटर जागा राहू द्या. लाल माती ओली झाली की तिथेच गच्च बसते. मी ७०० x ३८, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद टायर वापरतो, हवा पन्नास पीएसआयच्या आसपास, मागे किंचित जास्त. पूर्वी सत्तरपर्यंत टणक भरायचो. त्याने वेग वाढल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात फक्त दात वाजतात. भाच्याच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व आहे. पंक्चरवाल्याचं नोझल त्याला लागत नाही. वीस-तीस रुपयांचं पितळी अडॅप्टर वॉल्वलाच लावून ठेवायचं, पाकिटात नाही. पाकिटातलं हमखास हरवतं.

बैठकीबद्दल मी फार बोलत नाही, कारण तिथे ज्याचं त्याला कळतं. एवढंच, की तीन तासांत जे थोडं टोचतं ते चौथ्या दिवशी असह्य होतं. करंगळीला मुंग्या येत असतील तर ग्लोव्हज बदलून भागत नाही, बहुतेक वेळा हॅन्डल खाली किंवा लांब पडत असतं. मला दुकानात एक साइझ मोठी फ्रेम गळ्यात मारली होती, "साहेब, उंच सायकल रुबाबदार दिसते" असं म्हणून. दोन वर्षं मानेचं दुखणं ऑफिसच्या खुर्चीच्या नावावर खपवलं.

आता बॅगा.

माझी फ्रेममधली बॅग भांडुपला रिक्षांचे हूड शिवणाऱ्या मास्तरांनी शिवली आहे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फ्रेममध्ये धरून तिकोन कापला आणि घेऊन गेलो. मास्तरांनी पुठ्ठा उलटसुलट केला, बाहेर येऊन सायकल बघितली, चष्मा कपाळावर सरकवला. "जाडी किती?" मी हाताने दाखवलं, इतकी. ती 'इतकी' नऊ सेंटिमीटर भरली. ट्रकवर घालतात त्या जाड ताडपत्रीची, दहा नंबरची चेन लावलेली, रिक्षाच्या सीटला मारतात तशी दुहेरी शिलाई. देखणी झाली. आणि विक्रोळी येईपर्यंत दोन्ही गुडघे आतून लाल. पॅडल मारताना गुडघे फ्रेमच्या किती जवळून जातात याचा अंदाज खुर्चीवर बसून येत नाही. परत गेलो. मास्तर रागावले नाहीत, उसवून सहा सेंटिमीटरची करून दिली आणि उरलेल्या पट्टीतून हत्यारांसाठी एक गुंडाळी फुकट शिवली. तळाला पट्टे कुठे हवेत ते मात्र त्यांनी मला विचारलं नाही, बाटलीच्या पिंजऱ्याचे नट बघून स्वतःच ठरवलं. ती बॅग आजही वापरतोय.

पावसात ती गळते का? गळते. ताडपत्रीतून नाही, सुईच्या भोकांतून. शिवलेली बॅग कुठल्याही कंपनीची असो, शिवणीला आतून टेप नसेल तर गळणारच. म्हणून आत काळी कचऱ्याची पिशवी, तोंड पिळून दुमडलेलं. कोरडे कपडे एका पिशवीत, ओले दुसऱ्या.

त्या तिकोनात सगळं जड सामान जातं. हत्यारं, पॉवर बँक, ट्यूब, कुलूप. वजन जितकं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, तितकी सायकल शहाण्यासारखी वागते. मागे कपडे. पुढे हॅन्डलवर फक्त हलकं आणि फुगीर. बस, मांडणी एवढीच.

आणि कॅरिअरला इतकी नाकं मुरडायचं कारण मला कळत नाही. या बिनकॅरिअरच्या बॅगा जिथे रुजल्या ते रस्ते वेगळे. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेच्या मेक्सिको सीमेपर्यंत जाणारा ग्रेट डिव्हाइडचा मार्ग चार हजार किलोमीटरहून लांब आहे, बराचसा खडीमातीचा. तिथे सततच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट सैल होतात, दांड्या मोडतात. तिथे बॅग थेट फ्रेमला आवळणं शहाणपणाचं आहे. मुरुड ते श्रीवर्धन डांबरी रस्त्याला ते कशासाठी? आपल्याकडे पाववाला रोज पहाटे मागे डोंगराएवढा पाव बांधून जातो, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. तेच पट्टे मी वापरतो. कॅरिअर मात्र लोखंडी घ्या. तुटला तर ग्रिलचं काम करणारा कुठलाही वेल्डर दहा मिनिटांत जोडून देतो, ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही. बोल्टच्या आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब सोडा म्हणजे ते हादऱ्याने सुटत नाहीत. (बायकोला विचारून. मी विचारलं नव्हतं.)

सीटमागची लांबट बॅग भाच्याला तशीही चालणार नाही. त्याची उंची पाच फूट चार इंच, सीट आणि मागचं चाक यांत वीतभरही अंतर नाही. भरलेली बॅग थोडी लोंबली की टायरला घासणार. फोटोतल्या मॉडेलची सीट केवढी उंच होती ते त्याने बघितलंच नाही.

मुळात हे सगळं भरायचं कशाने, हा खरा प्रश्न. परदेशातले व्हिडिओ बघून आपण स्टोव्ह, भांडी, तंबू, पाणी गाळायचं यंत्र अशी यादी करतो. त्यांना कधीकधी दीड-दोनशे किलोमीटर दुकान नसतं. आपल्याला दिवेआगरच्या आधी तीनदा चहा लागतो आणि तिन्ही वेळा मिळतो. घरगुती खानावळीत संध्याकाळी पाचला फोन केला की आठला सोलकढी समोर येते. त्या स्टोव्हवर आपण काय करणार, मॅगी? माझं सामान आता साडेसात किलोवर आलंय. त्यातही एक फुलपँट दर वेळी न वापरता परत येते.

निघायचं कसं हेही मांडणीतच धरा. मुंबईतून सायकलवाल्याला समुद्रावरून जायला सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद आणि २०२४ मध्ये उघडलेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही बंद. उरतो भाऊचा धक्का. मुलुंडहून पहाटे चारला निघून तीसेक किलोमीटर, तेही अंधारात आणि कंटेनरांच्या सोबतीने. म्हणून मागचा लाल दिवा बॅगेवर नाही, कॅरिअरच्या लोखंडाला लावा. बॅग लोंबली की तो दिवा रस्त्याकडे बघत बसतो. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट पकडायची आणि तासाभर डेकवर उभं राहून वडापाव खायचा. येताना सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये बुक करणार असाल तर फलाटावर सगळ्या बॅगा उतरवून हातात घ्याव्या लागतात. सोळा बंदांचा सेट घेण्याआधी तो फलाट डोळ्यांसमोर आणा. माझ्या दोन पॅनिअर दोन हुकांवर निघतात.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, मागे ३४ बसेल म्हणतोय दुकानवाला. टायर ३२ पर्यंत." म्हटलं, आधी तेवढं कर. ३४ ला ३४ म्हणजे एक तरी होईल. मग एका रविवारी घरातली दहा लिटर पाण्याची कॅन पाठीवरच्या सॅकमध्ये घालून येऊरला चढून ये, आणि वर पोचल्यावर मला फोन कर.

काल सकाळी फोन आला. येऊरवरून नाही, पायथ्याशी चहाच्या टपरीवरून. पाच लिटर पाणी त्याने वाटेतच झाडांना घातलं होतं. विचारत होता, "ते भांडुपचे मास्तर रविवारी उघडे असतात का?"