पाणी तोडायला सांगू नका

सारखी लघवीची घाई होणाऱ्यांनी 'पाणी कमी प्यावं' असं या त्रासावरच्या एका लेखात सरसकट लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. माझ्या आईने तेच केलं, गुहागरवरून चिपळूणला एसटीने जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद, त्यात मे महिन्यात आमच्याकडे घामाच्या धारा, मग लघवी गडद पिवळी होऊन जळजळ आणि घाई उलट वाढलीच, वर बद्धकोष्ठ. दोनदा अँटिबायोटिक दिली, तीही लघवी न तपासताच!

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी नि शुगर तपासली, इन्फेक्शन नाही बघितलं आणि ३ दिवस वहीत काय प्यायलं, कधी गेली, किती घाई झाली ते लिहायला लावलं. वही बघतो तर दिवसाला ६ कप चहा! तो २ वर आणला, पाणी मात्र संध्याकाळपर्यंत नीट प्यायचं, घाई आली की धावायचं नाही, बसून खालचे, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, आणि दोन खेपांमधलं अंतर हळूहळू १०-१५ मिनिटांनी वाढवायचं. दोनेक महिन्यात फरक पडला, गोळी लागलीच नाही. आणि हो, बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का हे विचारायला हवं, लेखात ते कुठेच नाही.