पाटील, पण कुठले?

जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या जंगलात फिरताना जाळीचं कुंपण आडवं येतं. फाटक उघडायचं, पलीकडे जायचं, आठवणीने कडी लावायची. बंदोबस्त रानडुकरांचा. सप्टेंबर 2020 मध्ये पोलंडच्या सीमेजवळ मेलेल्या एका रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू सापडला, तेव्हापासूनचा. त्याच वर्षी हा रोग आसाम-अरुणाचलात आला आणि रानडुकरं गावांकडे फिरकू नयेत म्हणून काझीरंगात चर खणला गेला. माणसाला या विषाणूची बाधा होत नाही, डुकरं मात्र पटापट मरतात.

बोट दाखवण्यातही दोन्हीकडे फरक नाही. इथे पोलंडकडे, तिकडे चीनकडे. देशातल्या मित्रांशी यावर वाद झाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "अरे, चीनमधूनच आलाय, जीन टेस्टमध्ये सिद्ध झालंय!" काय सिद्ध झालंय? भारतातले नमुने जीनोटाइप 2 चे, म्हणजे या विषाणूच्या एका मोठ्या कुळातले निघाले, एवढंच. 2007 मध्ये जॉर्जियात आलेला विषाणू याच प्रकारचा, 2018 मध्ये चीनमध्ये सापडलेलाही याच प्रकारचा. नुसतं 'पाटील' एवढं कळल्यावर घर सापडतं का?

घर शोधायचं तर पूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर वाचावा लागतो. तो सुमारे 1 लाख 90 हजार अक्षरांचा, आणि एरवी बदलतो फार सावकाश. जर्मनीतल्या रीम्स बेटावरच्या फ्रीडरिश लोफ्लर या पशुरोग संस्थेने पोलंड सीमेवरचे नमुने असे वाचले, तेव्हा डीएनएची डागडुजी करणाऱ्या एका जनुकातच बिघाड दिसला. त्यामुळे चुका भराभर साचल्या असाव्यात, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा कयास. आपल्याला फायदा हा, की शाखा वेगळ्या ओळखता आल्या. विषाणू एकदाच नव्हे, अनेकदा सीमा ओलांडून आला होता. म्हणजे बोट बरोबर दिशेला होतं, हे मान्य करायला हवं. पण एखादं भगदाड बुजवून भागणार नव्हतं, हे बोट दाखवून कळलं नसतं.

मिझोराममध्ये 2021 पासून हा रोग पुन्हा पुन्हा डोकं वर काढतोय. जुनाच दडून बसलाय की दर खेपेला नवा येतोय? मला चीनपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. जीनोम तो सोडवू शकतो, पण त्यासाठी पहिलं मेलेलं डुक्कर भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेच्या वाटेला लागायला हवं. इथे जर्मनीत शिकाऱ्याला मेलेलं रानडुक्कर कळवल्याचे पैसे मिळतात, डुकरं पाळणाऱ्याला पशुरोग निधीतून भरपाई. तिकडे दारात चार डुकरं असलेल्या माणसाला भरपाईची खात्री नसेल, तर तो कळवेल कशाला? 2020 मध्ये ब्रह्मपुत्रेतून मेलेली डुकरं वाहत आली होती. ती कुणाच्या गोठ्यातली, हे जीनोम सांगत नाही.