टूलचे वर्णन शेवटी लिहिणाऱ्यांसाठी

मित्रहो, आज एका बैठकीत 'टूलचे वर्णन एका ओळीत टाकून देऊ, मॉडेल हुशार आहे, ते समजून घेईल' हे वाक्य ऐकले आणि तेव्हापासून डोके शांत झालेले नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, आज काय भाव निघाला हे एआय एजंटला, म्हणजे मॉडेलच्या आधारे प्रश्न समजून घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःहून ठाऊक नसते. ते विचारून आणण्यासाठी आपण त्याच्या हाती टूल, म्हणजे बाहेरून माहिती आणून देणारा छोटा प्रोग्राम, देतो. त्या टूलच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर येते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याचा आराखडा, आणि एवढ्यावरूनच त्याला ठरवायचे असते की विचारणाऱ्याच्या प्रश्नासाठी हे टूल वापरावे की शेजारचे. जे तुम्ही लिहिले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो.

या अंदाजाची किंमत कोण मोजतो, हे मी घरात पाहिले आहे. औसा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या हंगामात एका ॲपला विचारले की लातूरला सोयाबीनला आज काय भाव आहे, आणि उत्तर आले, क्विंटलला ५३२८ रुपये. मामांनी टेम्पो ठरवला, कट्टे भरले आणि मोंढा गाठला. तिथे सौदा त्याहून पुष्कळ खाली निघाला. माल परत न्यायचा तर पुन्हा भाडे भरावे लागणार, म्हणून त्यांनी तो मिळेल त्या भावाने घातला. आता लक्षात घ्या, ५३२८ हा आकडा खोटा नव्हता. तो २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला सोयाबीनचा हमीभाव होता, जो आधी नोंदणी करून, ओलावा १२ टक्क्यांच्या आत असल्याचे तपासून घेऊन, खरेदी केंद्रावर मिळतो. मोंढ्यातल्या सौद्याशी त्याचा काही संबंध नाही.

ते ॲप बनवणाऱ्यांपैकी एकाने नंतर मला आतली मांडणी दाखवली. एका टूलचे वर्णन होते, 'पिकाचा भाव देते', आणि दुसऱ्याचे, 'पिकाचा दर देते'. मला सांगा, यातले कोणते उचलायचे हे तुम्ही तरी कशावरून ठरवले असते? पहिल्याच्या वर्णनात एवढेच हवे होते: 'हे टूल केंद्र सरकारने त्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव रुपये प्रतिक्विंटल या हिशेबाने देते, आजचा बाजारभाव विचारला असेल तर हे वापरू नये, त्यासाठी बाजार समितीच्या दरांचे टूल वापरावे.' हे लिहायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या टूलची कथाही वेगळी नाही. बाजार समितीकडून किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. त्यांतला कोणता सांगायचा, त्या दिवशी आवकच झाली नसेल तर उत्तर रिकामे येईल की जुन्या तारखेचे, हे वर्णनात नसेल तर एजंट कमाल दर सांगून मोकळा होईल, आणि ओला माल घेऊन निघालेला माणूस त्यावर विसंबेल. जिल्ह्याच्या नावाचेही तेच. २०२३ नंतरच्या नोंदी छत्रपती संभाजीनगर नावाने आणि जुन्या औरंगाबाद नावाने असू शकतात, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. ०५/०६ ही तारीख पाच जून की सहा मे, हेही कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

लांबलचक वर्णने मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर ध्यानात ठेवू शकते त्यातली जागा खातात आणि नवी मॉडेल्स पुष्कळदा उलट प्रश्न विचारून खात्री करून घेतात, हे मान्य आहे. मामांना मात्र कोणी उलट प्रश्न विचारला नव्हता.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून हेही सांगतो. आज ते वाक्य बोलणारा मुलगा हिंगोलीकडचा आहे, घरी शेती आहे, आणि हमीभाव व सौदा यांतला फरक त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. आधी कोड, मग जमल्यास दोन ओळी लिखाण, अशीच शिकवण त्याला मिळालेली आहे. ते लिखाण वाचूनच एजंट चालणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. लातूरच्या एका अडतीवरच्या मुनीमांना मी असे एक वर्णन वाचून दाखवले होते, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, 'आजचा भाव म्हणजे सौदा निघायच्या आधीचा का नंतरचा?' हा प्रश्न आमच्या बैठकीत कोणाच्याही मनात आला नव्हता.

तरीही 'मॉडेल समजून घेईल' हे मी ऐकून घेणार नाही. माणसे ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांतले प्रश्न एजंटला घालून पाहा, तो कोणते टूल उचलतो ते बघा, चुकला तर वर्णनातले वाक्य बदला आणि पुन्हा विचारा. कोडला हात न लावता केवळ वर्णन बदलल्याने उत्तरे सुधारलेली मी पाहिली आहेत. हे काम अवघड नाही, पण त्यासाठी बसावे लागते, आणि मामांच्या टेम्पोचे भाडे आपल्या खिशातून गेलेले नसल्यामुळे आपण बसत नाही.

आपल्यापैकी कोणी पीकविमा, बाजारभाव किंवा पीककर्ज यांसाठी असे टूल बनवत असेल, तर त्याचे वर्णन मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी वाचीन, आणि शक्य झाल्यास मामांनाही वाचून दाखवीन.