औंधला एक खोली हवी आहे

माझ्या एका विद्यार्थिनीने गेल्या आठवड्यात पीएच.डी. सोडायचं ठरवलं. कळव्यात वन रूम किचन, घरात पाच माणसं. हिचा अभ्यास सुरू होतो रात्री साडेदहाला, टीव्ही बंद झाला की. विषय मराठी संस्थानांनी जमवलेली चित्रं. मुलगी हुशार आहे, चिकाटीची आहे. पण चित्रं सातारा जिल्ह्यातल्या औंधला आणि पोटापाण्याच्या तासिका ठाण्यात. साताऱ्याची एसटी, तिथून दुसरी गाडी, मुक्कामाचा खर्च. दोन वर्षांत ती त्या चित्रांपुढे जेमतेम तीन दुपारी उभी राहू शकली.

कलेच्या इतिहासात तीन दुपारी म्हणजे काहीच नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझं काम अंबरनाथच्या शिवमंदिरावर. शिलाहारांचं मंदिर, शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. ठाण्याहून लोकलने गाठता येतं म्हणून मी वारंवार जाऊ शकले. बाहेरच्या भिंतीवर एक सुरसुंदरी, म्हणजे अप्सरेसारखी कोरलेली स्त्रीमूर्ती, आहे. तिचे दागिने पार झिजलेत, असं मी वहीत लिहून मोकळी झाले होते. मग डिसेंबरात एकदा साडेचारच्या सुमाराला ऊन भिंतीला घासून आलं आणि कमरेची मेखला, तिचे लोंबते घोस, एकेक करून वर आले. दहा मिनिटं असतील. मग सावली. प्रबंधातलं ते पान मी पुन्हा लिहिलं. ते ऊन मला सापडलं, कारण मी जवळ राहत होते. एवढंच.

म्हणून मला अमेरिकेतल्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटचं मोल वाटतं. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला डोंगरातलं विल्यम्सटाउन हे छोटं कॉलेजगाव. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीतून आलेल्या संपत्तीचे वारस स्टर्लिंग क्लार्क आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सीन यांनी आपला संग्रह तिथे नेला. संग्रहालय १९५५ साली उघडलं. रेन्वारची चित्रं बघायला लोक जातात, पण त्या संस्थेने पुढे आणखी एक मोठं काम केलं. जगभरातल्या कलेतिहासाच्या अभ्यासकांना ही संस्था फेलोशिप देऊन बोलावते. मानधन असतंच, शिवाय राहायला घर, बसायला जागा आणि हाताशी एक उत्तम कलाग्रंथालय. काही महिने फक्त बघायचं, वाचायचं, लिहायचं. गाव आडवळणी आहे, म्हणूनच हे जमतं.

आपल्याकडे फेलोशिप म्हटलं की आकडा डोळ्यांपुढे येतो. जेआरएफ, बार्टी, सारथी अशा सरकारी फेलोशिपमुळे कितीतरी घरांत पहिली पीएच.डी. झाली, त्या पैशाचं मोल मी कमी करत नाही. पण पैसे खात्यात आले तरी बसायचं कुठे? एका संग्रहालयात मी जुनी कागदपत्रं बघायला अर्ज केला होता. चार महिन्यांनी परवानगी आली, ती एका दिवसाची. टेबल नव्हतं. जिन्यात उभं राहून मी टिपणं घेतली.

आणि औंध काय आहे, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी खरंच जाऊन पाहावं. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं भवानी संग्रहालय. हा राजा स्वतः चित्रकार. रविवर्म्यांची चित्रं तिथे, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प तिथे. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी टापूत! एवढ्या संग्रहाशेजारी अभ्यासकाला सहा महिने राहता येईल अशी सोय उभी राहायलाच हवी. त्यासाठी भव्य इमारत नको. दोन खोल्या, एक मोठं टेबल, चांगला दिवा, संदर्भग्रंथांचं एक कपाट आणि सकाळ-संध्याकाळ चित्रांपुढे बसायची लेखी परवानगी. विद्यापीठांनी आणि सरकारने मिळून वर्षाला चार अभ्यासक पाठवले तरी दहा वर्षांत चाळीस जण तयार होतील.

ते होईल तेव्हा होईल, मी पाठपुरावा सोडणार नाही. तोवर एक विनंती. औंधात किंवा जवळपास कुणाची रिकामी खोली असेल, मुलीला एकटीला निर्धास्त राहता येईल अशी, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. जूनपासून सहा महिने. भाडं आम्ही तिघी मैत्रिणी मिळून देऊ. तिच्या तासिका मी घेईन, तिच्या आईशी काल बोलणं झालंय. खोलीत खिडकीपाशी टेबल मावलं पाहिजे.