जळजळ झाली म्हणजे चरबी जळली?

व्यायामाबद्दलचा एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘रोज १०० क्रंचेस मारा, महिन्यात पोट सपाट. जितका घाम जास्त तितकी चरबी वितळते. सकाळी उपाशीपोटी पळा, तेव्हा शरीर फक्त चरबी जाळतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम वाया गेला. बायकांनी जड वजन उचलू नये, हलक्या वजनानं टोनिंग करावं. आणि जिम सोडली की कमावलेल्या स्नायूंची चरबी होते.’

सहाही वाक्यांची खोड एकच आहे. अंगाला जे जाणवतं किंवा आरशात जे दिसतं, तोच आत काय घडलं याचा पुरावा धरलाय. एकेक दावा तपासू.

‘रोज १०० क्रंचेस, महिन्यात पोट सपाट’

चरबी साठते चरबीच्या पेशींत, ट्रायग्लिसराइडच्या रूपात. ती वापरायची तर आधी रेणू फुटावा लागतो: त्यातून तीन फॅटी ॲसिड आणि एक ग्लिसेरॉल सुटतं. कुठल्या पेशीतून किती सुटायचं हे मुख्यतः ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं आणि इन्सुलिनची पातळी ठरवतात, आणि ती रक्तातून अंगभर फिरतात. सुटलेली फॅटी ॲसिडंही आधी रक्तात येतात, मग काम करणारा स्नायू ती तिथून उचलतो. म्हणजे क्रंच मारताना (पाठीवर पडून खांदे उचलताना) पोटाचे स्नायू जे इंधन वापरतात ते मांडीवरून किंवा पाठीवरून आलेलं असू शकतं. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीतून किंचित जास्त फॅटी ॲसिड सुटतात असं प्रयोगशाळेत दिसलंय, हे खरं. पण ते प्रमाण इतकं थोडं की टेपवर दिसणारच नाही.

हे दोन प्रकारे तपासून झालंय. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. रॅकेटचा हात वर्षानुवर्षं कितीतरी जास्त राबलेला, त्यामुळे त्याचा घेर मोठा होता. त्वचेखालच्या चरबीची जाडी मात्र दोन्ही हातांवर सारखीच निघाली. १९८४ च्या एका प्रयोगात २७ दिवसांत प्रत्येकाकडून एकूण ५,००४ सिट-अप्स करून घेतल्या, आणि पोट, पाठ व नितंब इथल्या चरबीच्या पेशी आधी आणि नंतर मोजल्या. पोटावरच्या पेशी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आकसल्या नव्हत्या.

आता हिशोब बघा. ७० किलोच्या माणसाला १०० क्रंचेसना पाचेक मिनिटं लागतात आणि साधारण २० कॅलरी खर्च होतात. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. भागाकार केला तर एक किलोसाठी ३८५ दिवस. तेही त्या काळात खाण्यात एक घासही वाढला नाही तर.

पोटात होणारी जळजळ खरी असते, पण ती थकत आलेल्या स्नायूची असते. वरच्या चरबीला तिचा पत्ताही नसतो. क्रंचेसनी पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यासाठी जरूर करा. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३ सेट पुरतात (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी, त्यातली एकेक आवृत्ती म्हणजे रेप). एका सेटमध्ये २० च्या पुढे सहज जायला लागलं की छातीशी वजन धरा, रेप्सचा आकडा फुगवण्यात अर्थ नाही.

घेर कमी करायचा तर रोजच्या खर्चापेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी पोटात जायला हव्यात, आणि वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं. त्याहून वेगानं उतरलं तर चरबीसोबत स्नायूही जाण्याचा धोका वाढतो. पहिल्या आठवड्यातल्या मोठ्या घसरणीवर विश्वास ठेवू नका. स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, आधी ते जातं. कुठली चरबी आधी उतरेल हे आनुवंशिकता आणि लिंग ठरवतं. बऱ्याच पुरुषांत पोटाचा खालचा भाग आणि बऱ्याच स्त्रियांत मांड्या-नितंब शेवटपर्यंत हटून बसतात. म्हणून टेप लावायची ती दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी, श्वास सहज सोडून, बेंबीच्या पातळीवर. पोट आत ओढून मोजणं ही स्वतःचीच फसवणूक.

‘जितका घाम तितकी चरबी’

घाम ही शरीराची कूलिंगची सोय आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर अंदाजे ५८० कॅलरी उष्णता बाहेर टाकली जाते. या आकड्याचा अर्थ काही जण उलटा लावतात. ती उष्णता आधीच तयार झालेली असते, तिला बाहेर काढायला वेगळी चरबी जळत नाही. बंद, दमट खोलीत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. तेव्हा अंग भिजतं जास्त आणि थंड होतं कमी.

चरबी जाते कुठे, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. १० किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. (म्हणून नुसतं बसून जोरजोरात श्वास सोडल्यानं काही होत नाही. आधी तो कार्बन डायऑक्साइड तयार व्हायला हवा, आणि त्यासाठी चरबी जळावी लागते.)

पोटाला प्लास्टिक गुंडाळणं किंवा रबराचा सूट घालून पळणं हा तर जिवाशी खेळ. १९९७ साली अमेरिकेत महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या नादात दगावले. गरम जागेत, अंग घट्ट झाकून, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सौना (घाम काढायची गरम खोली) यांच्यावर बंदी आली. व्यायामाआधी आणि नंतर काट्यावर उभे राहा: एक किलोचा फरक म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. पुढच्या काही तासांत ते थोडं थोडं करून भरून काढायचं, आणि काटा होता तिथे येतो.

‘उपाशीपोटी पळा’

उपाशीपोटी पळताना इंधनात चरबीचा वाटा वाढतो, इतकं बरोबर. पण नंतर दिवसभर तो वाटा कमी होतो आणि २४ तासांचा ताळा जमतो. २०१४ मध्ये २० तरुणींवर चार आठवडे प्रयोग झाला, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास. निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन, आणि आहारातली तूट दोन्हीकडे सारखीच. चरबी दोन्ही गटांची घटली, गटागटांत फरक नाही. उपाशी पळणं सोसत असेल तर पळा. चक्कर येत असेल किंवा वेग पडत असेल तर खाऊन पळा.

‘अंग दुखलं नाही तर व्यायाम वाया’

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग धरतं त्याचं खापर अजूनही लॅक्टिक ॲसिडवर फुटतं. वास्तविक व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (त्याच ॲसिडचं रक्तातलं रूप) तासाभरात पूर्वपदावर येतं, आणि दुखणं जोर धरतं २४ ते ७२ तासांनी. ते येतं स्नायू ताणला जात असताना भार पेलल्यानं: वजन हळू खाली आणताना, उतार उतरताना. तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते. तोच व्यायाम आठवड्याभरानं पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू सरावतो. वाढ मात्र चालूच राहते. दुखण्यालाच माप धरणारा माणूस दर आठवड्याला व्यायाम बदलत बसतो आणि कशातच पुढे जात नाही.

माप हवं तर वही ठेवा. समजा, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) ४० किलोनं ३ सेट, लक्ष्य ८ ते १२ रेप्स. तिन्ही सेट्समध्ये १२ आले की पुढच्या वेळी ४२.५ किलो. रेप्स ९ वर येतील, येऊ द्यात, तिथून पुन्हा १२ पर्यंत चढायचं. दोन सेट्समध्ये २-३ मिनिटं थांबा. घाईनं पुढचा सेट घेतला तर दम भरतो आणि रेप्स घटतात, म्हणजे स्नायूवरचं काम कमीच होतं.

एक दुखणं मात्र अंगावर काढायचं नाही. बेसुमार व्यायामानंतर स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी काळपट-तपकिरी आली तर लगेच डॉक्टर गाठा. स्नायूंतली प्रथिनं रक्तात उतरून किडनीला इजा करत असू शकतात.

‘बायकांनी हलकं वजन, टोनिंग’

स्नायूला दोनच गोष्टी कळतात: वाढणं आणि आकसणं. टोनिंग ज्याला म्हणतात ते थोडा वाढलेला स्नायू आणि त्यावरची कमी झालेली चरबी, बस. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) पुरुषांच्या तुलनेत साधारण पंधरावा हिस्सा असतं, त्यामुळे वाढ हळूहळूच होते. नको तितकी वाटली तर थांबवायला वेळही हाताशी असतो.

हलक्या वजनानं स्नायू वाढत नाही असंही नाही. एका रेपमध्ये उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कुठल्याही भारानं वाढ जवळपास सारखी होते. अट एकच, स्नायू आणखी एक रेप काढूच शकणार नाही, त्याच्या जवळ सेट संपावा. गडबड इथेच होते. २ किलोच्या डंबेलनं ४० रेप्स जमत असताना २० वर थांबलं की स्नायूला बदलायचं कारणच उरत नाही. पुढे १ ते ३ रेप्स जेमतेम निघाल्या असत्या, अशा ठिकाणी सेट सोडावा. एका स्नायूगटाला आठवड्यात साधारण १० सेट, दोन दिवसांत विभागून. ताकदही हवी असेल तर भार जडच लागतो.

प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ९६ ग्रॅम. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात घेण्याची धावपळ नको, दिवसाची बेरीज महत्त्वाची. निरोगी किडनीला इतक्या प्रथिनांनी धोका नाही. किडनीचा विकार आधीच असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

‘जिम सोडली की स्नायूंची चरबी’

स्नायूची पेशी आणि चरबीची पेशी या वेगळ्या जाती आहेत. एकीची दुसरी होत नाही. दिसतं तसं, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. स्नायू काही आठवड्यांत आकसायला लागतो, आणि ताट पूर्वीचंच राहतं. आठवड्याला चार तासांचा व्यायाम थांबला की सुमारे १,००० कॅलरी शिल्लक पडतात, दोनेक महिन्यांत एक किलो चरबी. यात ‘मेटाबॉलिझम कोसळला’ वगैरे काही नसतं. एक किलो स्नायू स्वस्थ बसून दिवसाला अवघ्या १३ कॅलरी खातो.

सुटी घ्यावीच लागली तर सेट्स कापा, वजन कापू नका. तरुण वयात नेहमीच्या एक तृतीयांश सेट्सवरही कमावलेला स्नायू महिनोन्महिने टिकतो. आठवड्याला १२ सेट होत असतील तर ४ करा, बारवरच्या प्लेट्स त्याच ठेवून. साठीच्या पुढे इतक्यात भागत नाही, तिथे कात्री जपून लावावी.