गुडघ्याचा क्लेम नाकारला, म्हणून विमाच फसवा?

नमस्कार. प्रतिक्रिया वाचली. चार वर्षांच्या पॉम (पोमेरेनियन) कुत्र्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बिल 42,000 आणि कंपनीचं उत्तर ‘आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा’. राग येणारच. त्यावरून ‘कुत्र्याचा विमा ही लूट आहे, त्यापेक्षा आरडी काढा’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला निम्मंच पटतं.

पॉम, चिवावा, यॉर्की अशा छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकणं खूप आढळतं आणि दोष बहुधा हाडांच्या ठेवणीतच असतो. कुत्रा चालता चालता मागचा पाय उचलतो, दोन-चार पावलं तीन पायांवर उड्या मारतो, पाय झटकतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. घरच्यांना ती सवय वाटते. डॉक्टरांनी ‘कधीपासून?’ विचारलं की आपण सहज सांगतो, ‘पिल्लू असल्यापासून.’ ते केसपेपरवर उतरतं आणि क्लेम तिथेच अडकतो.

त्यामुळे नकारपत्रात नेमकं कोणतं कलम लावलंय ते आधी बघा. जन्मजात किंवा आनुवंशिक दोष वगळणारं कलम असेल, तर आजार कधी सुरू झाला यावर भांडून फारसं हाती लागत नाही. नुसतं ‘आधीपासूनचा’ म्हटलं असेल आणि पॉलिसीआधीच्या तपासणीत पाय नॉर्मल असल्याची नोंद असेल, तर ती जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, मात्र वर्षाची मुदत पाळावी लागते. केसपेपर बदलून घ्यायच्या फंदात पडू नका. खोटी नोंद उघडी पडली तर अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

क्लेम मंजूर झाला असता तरी पूर्ण 42,000 मिळालेच असते असं नाही. समजा ऑपरेशनची सबलिमिट, म्हणजे त्या एका खर्चासाठी कंपनी धरते ती कमाल रक्कम, 30,000 आहे आणि 10 टक्के आपला वाटा. हातात 27,000 येतात, 15,000 खिशातून जातात. पॉलिसी घेताना वरचा मोठा आकडा न बघता हा हिशोब करावा.

नव्याने घेणाऱ्यांनी प्रस्ताव भरण्याआधी डॉक्टरांकडून दोन्ही गुडघे, हृदयाचे ठोके आणि दात तपासून लेखी नोंद घ्यावी. मायक्रोचिपचा 15 अंकी नंबर प्रत्येक केसपेपरवर हवा. नुसतं ‘टॉमी, पॉम, पांढरा’ लिहिलं तर हाच तो कुत्रा हे सिद्ध करायचं कसं? लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) लशीचा बूस्टर दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. लस चुकलेली असताना तोच आजार झाला, तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

आता आरडी. सात-आठ वर्षांच्या छोट्या कुत्र्यासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. या वयात हृदयाची झडप गळू लागली की औषधं आयुष्यभर चालतात आणि ओपीडीचा खर्च पुष्कळ पॉलिसींत धरलेलाच नसतो. पिल्लाचं तसं नाही. सोफ्यावरून उडी मारून पुढचा पाय मोडणं छोट्या जातींत नेहमीचं आहे. महिना 1,500 च्या आरडीत तिसऱ्या महिन्यात 4,500 च जमलेले असतात, मोडलेल्या हाडाला प्लेट बसवायला ते पुरत नाहीत.

तुमच्या पॉमचा दुसरा गुडघाही आत्ताच तपासून घ्या, कारण हा दोष पुष्कळदा दोन्ही पायांत असतो. पुढे त्याचाही क्लेम मिळणं कठीण, म्हणून आरडी त्या गुडघ्यासाठी काढा. पॉलिसी ठेवायची ती अपघात आणि गोचीडतापासारख्या आजारांसाठी, आणि तेवढ्यासाठी हप्ता परवडत असेल तरच.